जपून ठेवलेली गाडी

मालक : 1998 ची मारुती 800 आहे, मेस्त्री. अंगावर ओरखडा नाही, इतकी जपलीय. तरी ब्रेक चिकटतातच कसे?

मेस्त्री : जपलीत म्हणून.

मालक : अहो, पावसाळाभर कव्हर घातलं होतं! हँडब्रेकसुद्धा घट्ट ओढून ठेवला होता.

मेस्त्री : तिथेच घात झाला. चार महिने ओल आणि ओढलेला हँडब्रेक. मागचे लायनर ड्रमला गंजून बसले. पुढल्या वेळी पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा.

मालक : माझ्या गाडीला दगड?

मेस्त्री : चाकाला हो.

मालक : मागचं जाऊ द्या. पुढचं डावं चाकही तापतं. गाडी डावीकडे ओढते.

मेस्त्री : जॅक लावलाय. फिरवा बघू चाक.

मालक : हूं का चूं नाही.

मेस्त्री : आता ब्लीडरचं निप्पल ढिलं करतो. उडालं बघा ऑइल! फिरवा.

मालक : सुटलं की! झालं काम.

मेस्त्री : काम कुठलं, नुसता तपास झाला. पिना गंजल्या असत्या तर चाक असं सुटलं नसतं. ऑइलचा दाब आत अडकतोय. हा रबरी होज आतून फुगलाय. पेडल दाबलं की ऑइल जोराने पुढे जातं, पण परतीची वाट बंद.

मालक : बाहेरून तर नव्यासारखा दिसतो. आणि ओरिजिनल आहे तो!

मेस्त्री : ब्रेक ऑइल कधी बदललंत?

मालक : कमीच झालं नाही, तर बदलू कशाला?

मेस्त्री : म्हणजे तेही जपलंत! अहो, ते हवेतली ओल पितं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. काळं पडलंय बघा.

मालक : पण ओरिजिनल...

मेस्त्री : साहेब, चेष्टा पुरे. चिकटलेला ब्रेक तापला की ऑइलमधलं पाणी उकळतं. वाफ धरली की पेडल थेट तळाला जातं. घाटात समोरच्या ट्रकला ओरिजिनल होज दाखवणार का?

मालक : घाटात नेतो कोण? दसऱ्याला हार घालून देवळापर्यंत, बस.

मेस्त्री : मग चाकं कशाला हवीत? काढून देतो, तीही जपा.

मालक : तोंड सांभाळा हं! होजचं काय ते बोला.

मेस्त्री : पुढचे दोन्ही बदलू.

मालक : उजव्याने काय घोडं मारलंय?

मेस्त्री : तोही 1998 चाच.

मालक : डावाच बदला. आणि काढलेला नीट पुसून, कागदात गुंडाळून द्या.

मेस्त्री : आता तो कशाला?

मालक : अहो, ओरिजिनल आहे!