आधी वारसनोंद, मग पाना

ज्या गृहस्थाच्या वाड्यात, गोठ्यालगत अथवा लिंबाच्या सावलीत, ताडपत्रीखाली एखादी फियाट वर्षानुवर्षे निश्चल उभी आहे, आणि ती स्वहस्ते पुनश्च चालती करावी, जमल्यास तीत काही आधुनिक सुधारणाही कराव्यात, असा संकल्प ज्याच्या मनात उद्भवला आहे, त्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे की आपल्यासमोर उभी आहे ती केवळ मोटार नसून अविभक्त कुटुंबाची मिळकत आहे. आणि तिची चाके जमिनीत चार बोटे रुतलेली असल्यामुळे तिला स्थावर म्हणण्यास एखादा निष्णात वकीलही हरकत घेणार नाही.

सबब, बॉनेट उघडण्यापूर्वी दप्तर उघडावे. नोंदणीपुस्तकावर नाव आजोबांचे असते, आजोबांची तसबीर भिंतीवर असते, आणि बीडचे एमएच २३ असो वा अंबाजोगाईचे एमएच ४४, कोणतेही परिवहन कार्यालय कैलासवासी मालकाची गाडी केवळ नातवाच्या उत्साहावर दाखल करून घेत नाही. नमुना ३१ भरावा, मृत्यूचा दाखला जोडावा, इतर वारसांची संमती घ्यावी. नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच सरली असल्याने योग्यता तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांपुरते नूतनीकरण हेही ओघाने आलेच. निजामाच्या अमदानीपासून बांधाबांधाचा फेरफार सांभाळत आलेल्या आपल्या घराण्यांना हे काही नवे नाही. अडचण एवढीच की जमिनीची मोजणी करून खातेफोड करता येते, मोटारीची येत नाही.

येथे कसोटी लागते. पुण्यास स्थायिक झालेले जे धाकटे काका दर दिवाळीस "अरे, भंगारात देऊन टाका एकदाची" असा हुकूम सोडून जात, तेच संमतिपत्र समोर येताच सद्गदित होतात, कारण गाडी चालवण्याचे आद्य शिक्षण त्यांनी हिच्यावरच घेतलेले असते, आणि उजव्या दरवाजाचा पोचा हे त्या शिक्षणाचेच प्रमाणपत्र असते. आत्याचा हक्क तर त्याहून बळकट. "बाळा, माझी पाठवणी याच गाडीतून झाली होती बरं का," एवढे एकच वाक्य ती उच्चारते आणि चहा गार होईपर्यंत पुढे काही बोलत नाही. जीर्णोद्धारकाने या प्रसंगी पोच्याची किंमत, पेट्रोलचा दर किंवा मुंबईतील जुन्या गाड्यांचा बाजारभाव यांपैकी कशाचाही उच्चार करू नये, आणि गहिवर ओसरण्यापूर्वी मुद्रांकावर सह्या घ्याव्यात.

गाडीची वंशावळ मुखोद्गत असावी, कारण येणारा प्रत्येक पाहुणा ती विचारतो आणि ऐकण्याआधीच स्वतः सांगू लागतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट गाड्या बाहेर पडल्या. पाठीला बाक असलेल्या जुन्या नमुन्यास लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ च्या सुमारास डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच घडण पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उठली तेव्हा तेथील वर्तमानपत्रांनी पुष्कळ अश्रू ढाळले. परंतु तेथील खारट हवेत पत्रा कसा कुजतो हे पाहिलेल्या माणसास आपल्या गाडीचा तळ ठोकून पाहिल्यावर कृतार्थ वाटावे, कारण पर्जन्यछायेतील आपल्या बीड जिल्ह्यावर अवर्षणाने केलेला बहुधा हा एकच उपकार आहे.

मात्र जे गंजाने सोडले ते उंदरांनी घेतलेले असते. मागच्या सीटखाली सरकीचा साठा आणि वायरिंगच्या जागी तांब्याचे उघडे धागे आढळल्यास विस्मय मानू नये. सरकी बाहेर काढावी आणि वायरिंग मुळापासून नवे घालावे, कारण जुन्याला टेप गुंडाळून चालवणाऱ्यांच्या गाड्या पेटतात. कार्बोरेटर स्वतः उघडण्यास हरकत नाही. त्यातला पितळी जेट पेट्रोलमध्ये धुऊन चिमटीत धरावा आणि उजेडाकडे करून पाहावा. मध्ये मोहरीहूनही बारीक, स्वच्छ गोल प्रकाश दिसला तर ठीक, न दिसल्यास हवेने फुंकून काढावा. टाचणी घालू नये. टाचणीने छिद्र वाढते, आणि त्यानंतर ती गाडी जे पेट्रोल पिते त्याचा हिशेब घरात कोणालाही देता येत नाही. रंगकाम चैत्र-वैशाखात अंगणात काढू नये. एका वावटळीत ओल्या रंगावर जी माती बसते ती पॉलिशने निघत नाही.

आता सुधारणा. इंजिन बदलणे, सांगाड्यास हात लावणे यांस मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर घालण्याने मात्र कोणाचे अहित होत नाही. भाचा डिकीत स्पीकर बसवू म्हणेल, जावई एसीचा आग्रह धरतील. दोघांसही नम्रपणे सांगावे की थांबण्याची खात्री झाल्याखेरीज गारव्याचा विचार अप्रस्तुत आहे, आणि शिल्लक रक्कम ब्रेकवर खर्च करावी. पेट्रोलची रबरी नळी व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकेल असाच घ्यावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ज्या उसाच्या तोडीसाठी आपल्या जिल्ह्यातील माणसे दरसाल बिऱ्हाड पाठीवर टाकून पश्चिमेकडे जातात, त्याच उसाचा अर्क असा फिरून आपल्या दारी रबर खाण्यास येतो. गाडी पन्नास वर्षांवरची असल्यास २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो. परंतु मग ती प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे दर्शन यांपैकी कोणत्या सदरात बसते हे आत्याला समजावणे कठीण आहे.

चाचणीसाठी बीडहून मांजरसुंब्याचा घाट निवडावा आणि पहाटे निघावे. उन्हे चढल्यावर निघाल्यास पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन इंजिन अर्ध्या घाटात बंद पडते. त्यावर इलाज म्हणून पंपावर ओले फडके घालावे आणि स्वस्थ बसावे. रेडिएटरचे झाकण त्या वेळी उघडू नये. बॉनेट वर होताच दुचाकीस्वार थांबतील, नेकनूरच्या बाजारास निघालेला टेंपो थांबेल, आणि प्रत्येक जण प्लग काढून पाहण्याचा सल्ला देईल. सर्वांस मान डोलवावी. त्यांतच एक वयस्कर गृहस्थ पुढे होतील, "आमच्याकडंबी हीच होती," म्हणतील, आणि न विचारता स्टिअरिंगमागे बसून गिअर टाकून पाहतील. त्यांना बसू द्यावे. किल्ली मात्र आपल्या खिशात असावी.