सुपर पाहुणा

माझं कॅनडाचं पीआर, म्हणजे कायमचं रहिवासीपण, बुडाल्याचं भाईंदरजवळच्या आमच्या डोंगरीत कळलं, तेव्हा लोक भेटायला आले. शेजारच्या मावशीने चहाचा थर्मासच आणला. "किती वर्षं होतं?" तिने हळू आवाजात विचारलं. मागे बसलेल्या एका काकांनी "शेवटी फार त्रास झाला का?" असंही विचारून घेतलं.

आमच्या पट्ट्यातली माणसं आखातात जातात, जहाजावर जातात, हल्ली कॅनडात जातात. वीस वर्षांनी परतलेल्याकडेही नाक्यावर कोणी कार्ड मागत नाही. "कधी आलास? परत कधी?" एवढे दोन प्रश्न झाले की तो गावचा.

कॅनडाचा हिशेब वेगळा. 5 वर्षांत किमान 730 दिवस तिथे राहायचं. मी इथे आईच्या आजारपणात आणि जमिनीच्या सातबाऱ्यात अडकलो. आई बरी झाली. सातबारा अजून अत्यवस्थ आहे.

खरी गंमत पुढेच. पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून रहिवासीपण आपोआप संपत नाही. सरकारने रीतसर काढून घेईपर्यंत किंवा आपण होऊन सोडेपर्यंत ते चिकटलेलंच. पण चालू कार्ड किंवा प्रवासाचा खास दाखला नसेल, तर विमानात चढता येत नाही. बरं, पाहुण्याचा व्हिसा मागावा तर तोही मिळत नाही, कारण तुम्ही रहिवासी! जावयाला 'तुम्ही घरचेच' म्हणत ओसरीवर उभं ठेवावं, तशी गत.

एका मेहुण्याने तोड काढली : अमेरिकेत उतरायचं आणि खाजगी गाडीने सीमेवर जायचं, तिथे जुनं कार्डही चालू शकतं. तोड चोख होती. फक्त तिला अमेरिकेचा व्हिसा लागत होता, आणि त्याची तारीख मिळेपर्यंत पाळण्यातल्या नातवाचं लग्न उरकलं असतं.

"पप्पा, सरळ राजीनामा द्या," मिसिसागाहून मुलगी म्हणाली. दिला. मग आई-वडील, आजी-आजोबांसाठीच्या सुपर व्हिसाचा अर्ज केला. त्याला मुलीचं निमंत्रणपत्र, तिच्या उत्पन्नाचा पुरावा, आमची वैद्यकीय तपासणी आणि किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा. व्हिसा हातात आला आणि कळलं, 2022पासून या पाहुण्याला एका खेपेत सलग 5 वर्षं राहता येतं. रहिवासी होतो तेव्हा पाचातली दोन वर्षं भरत नव्हती. पाहुणा झाल्यावर पाचही पदरात.

निघालो. मोरवा, रई, मुर्धा मागे पडले आणि भाईंदरात टॅक्सी रुतली. "अहो, टोरांटो जवळ असेल, गोल्डन नेस्ट लांब आहे," बायको म्हणाली.

टोरांटो विमानतळावर खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आधी इथले रहिवासी होतात. मग सोडलंत का?"

"शेती," मी म्हणालो.

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. मग तोही आमच्या नाक्यावरच आला : परत कधी जाणार?

पुढे बायकोच्या बॅगेतून बिअरच्या बाटलीत ठासून भरलेला लाल मसाला निघाला. यात काय काय आहे, असं विचारल्यावर तिने मिरच्यांच्या जातींपासून सुरुवात केली. दगडफुलाला पोचण्याआधीच आम्हाला जाऊ दिलं.

तेव्हा जुनं कार्ड कपाटात जपून ठेवलेल्यांनो, विमानाचं तिकीट काढण्याआधी 730 मोजून घ्या. भरत नसतील आणि पोरं तिकडे असतील, तर पाहुणेच व्हा. मुक्काम जास्त मिळतो.