सदतीस जनुकांचे अप्पा

लातूरच्या क्लासेसनी किती डॉक्टर घडवले ते चौकाचौकातल्या फलकांवर वाचायला मिळतं. बापांचं काय केलं, ते कुठंच लिहिलेलं नसतं. पोरगं नीट देऊन निघून जातं, नोट्स घरी उरतात आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले अप्पा त्या वाचून काढतात. असे अप्पा लातुरात औसा रोडला आहेत, नांदेडात वजिराबादेतही आहेत. लग्नसराईत ते हमखास नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत भेटतात.

मायटोकॉन्ड्रिया हा त्यांचा खास प्रांत. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या या कणाला स्वतःचा डीएनए असतो, त्यात 37 जनुकं, आणि ती आईकडूनच येतात. हे ‘आईकडूनच’ वाचलं त्या दिवशी अप्पांच्या संसारातला निम्मा हिशेब मिटला. लोह्यापर्यंत प्रस्तावना होते, अहमदपूर आलं की ते मुद्द्याला हात घालतात.

“मायटोकॉन्ड्रियात बिघाड झाला की कॅन्सर. आन् मायटोकॉन्ड्रिया आईचा. म्हंजे पोरांत जे काय हाय ते तिच्या माहेरचं. मी सायन्स सांगूलालो, भांडण न्हाई!”

माहेर खिडकीशी बसून शेंगा सोलत असतं.

असा संबंध शोधायला संशोधक हजारो रुग्णांचा आणि निरोगी माणसांचा डीएनए अक्षर-अक्षर ताडून पाहतात. एखादा बदल रुग्णांत जास्त दिसला, तर ‘धोका थोडा वाढत असावा’ एवढंच म्हणतात, आणि दुसऱ्या समूहात पडताळल्यावर पुष्कळदा तेही मागं घ्यावं लागतं. अप्पांना एक आजेसासू पुरते. ती ठणठणीत ब्याण्णव वर्षं जगली, पण “आतून असणारच!”

हे सगळं तळहातावर तंबाखू-चुना मळत. ती चिमूट मात्र कुणाच्याच माहेरची नव्हे.

एकदा मागच्या सीटवर पुतणी होती, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात एमएस्सी करणारी. “ओ अप्पा, मायटोकॉन्ड्रियात हजारावर प्रथिनं असतात. त्यातली 13 सोडली तर बाकीच्यांची जनुकं पेशीच्या केंद्रकात, आईबाप दोघांकडून आलेली. त्यातलंच एसडीएचडी, अकराव्या गुणसूत्रावरचं. ते बिघडलं की मानेत गाठी होतात, अन् त्याही बहुतेक वेळा बापाकडून आलं तरच. 2000 सालीच सापडलंय.”

शेंगा सोलायच्या थांबल्या.

“अकरावं म्हणलीस का?” अप्पा म्हणाले. “आमच्या घराण्यात अकरावीपर्यंत गेलंच कोण?” आणि चिमूट दाताखाली धरून त्यांनी लातूर येईपर्यंत बोलता येणार नाही अशी सोय करून टाकली.