सेकंदाला किती चित्रं?

ग्राफिक्स कार्डांच्या दुनियेत ‘नवं ते जास्त’ असा सरळ हिशेब असता, तर तुलनेचा उद्योग कधीच बसला असता. पण तसं नाही. एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० आलं २०२१च्या फेब्रुवारीत. त्यात ३,५८४ कूडा कोअर आणि १२ जीबी मेमरी. २०२३च्या जूनमध्ये ४०६० आलं. त्यात कोअर ३,०७२, मेमरी ८ जीबी, आणि मेमरीकडे जाणारी वाटही १९२ बिटांची होती ती १२८ची झालेली. नुसता कागद वाचणारा म्हणेल, हे नवं कसलं, ही तर काटछाट! आणि तरीही खेळ सुरू केला की बहुतेक ठिकाणी ४०६०च पुढे निघतं.

कारण कागदावर ठळक छापलेल्या आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत बरंच काही असतं. नव्या चिपचा वेग पावणेदोन गिगाहर्ट्झच्या आसपास होता तो जवळजवळ अडीचवर गेला. चिपच्या पोटातली एल-टू कॅश ३ एमबीची २४ एमबी झाली, त्यामुळे बाहेरच्या मेमरीकडे सारखं धावायची गरजच कमी झाली. एवढं कळलं की खरं म्हणजे माणसाने थांबायला हवं. पण कळण्यासाठी तुलना करतो कोण? तुलना करायची असते म्हणून तुलना करतात.

हे मी माझ्या भाच्याकडे पाहून सांगतो. निनादला कार्ड घ्यायचं होतं, आणि त्यासाठी तो व्हिडिओ पाहत होता. पडदा मधोमध चिरलेला. डाव्या अंगाला ३०६०, उजव्या अंगाला ४०६०. दोन्हीकडे तोच रस्ता, तोच पाऊस, त्याच डबक्यात त्याच दुकानाच्या पाटीचं तेच लाल प्रतिबिंब. कोपऱ्यात आकडे नाचताहेत. काही वेळाने माझ्या ध्यानात आलं, की पोरगं खेळाकडे बघतच नाहीये. नजर कोपऱ्यात खिळलेली. उजवीकडचा आकडा चढला की याची मान हलायची, एखाद्या जागेला दाद द्यावी तशी.

“मामा, बघ! १८ टक्के!”

“पण तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा?”

“साठ.”

“म्हणजे कार्डाने सेकंदाला १२० चित्रं काढली, तरी तो साठदाच बदलणार.”

“मॉनिटर नंतर घेऊ रे,” तो म्हणाला. पुढे बोलायला जागाच उरली नाही.

या आकड्यांच्या भुकेची कंपन्यांना फार आधीपासून कल्पना आहे. २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० या कार्डाची अशी गंमत झाली. ‘क्वेक थ्री’ या खेळात ते झोकात पळायचं. काही खटपट्या लोकांनी खेळाच्या फायलीत ‘क्वेक’च्या जागी ‘क्वॅक’ केलं. बाकी सगळं जसंच्या तसं. वेग घसरला, आणि चित्र मात्र सुधारलं! म्हणजे ड्रायव्हर नाव वाचत होता, आणि परीक्षा नेहमी ज्या खेळावर होते तोच आला की चित्राच्या तपशिलात हात आखडता घेत होता.

दोन वर्षांनी पाळी एनव्हीडियाची. ‘थ्रीडीमार्क ०३’ या चाचणीत कॅमेऱ्याचा मार्ग ठरलेला असतो. दर वेळी तेच वळण, तेच आकाश. पेपर आधीच ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यासारखं एनव्हीडियाच्या ड्रायव्हरने तेवढंच पाठ केलं होतं. कॅमेरा जिकडे बघणार नाही, तिकडचं रंगवायचंच नाही. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने २००३च्या मे महिन्यात कॅमेरा रुळावरून खाली उतरवून पाहिला, तेव्हा आडबाजूला रंगांचा नुसता राडा दिसला. मग दोघांत बोलणी झाली आणि पुढच्याच महिन्यात संयुक्त निवेदन निघालं, की ही लबाडी नव्हे, विशिष्ट प्रोग्रामपुरती केलेली सुधारणा आहे. आपल्याकडच्या एखाद्या चौकशी समितीलासुद्धा इतकं सुबक वाक्य सुचलं नसतं.

बरं, आकडे खरे असले तरी ते सगळं सांगतातच असं नाही. एका सेकंदात ६० चित्रं आली, म्हणजे खेळ लोण्यासारखा चालला असं आपण धरून चालतो. पण समजा, त्यातली ५९ चित्रं पाऊण सेकंदाहून थोड्या जास्त वेळात भराभर आली आणि साठावं चित्र तब्बल २०० मिलिसेकंद अडकून बसलं. सरासरी तरीही साठच! डोळ्याला मात्र तेवढा एकच गचका दिसतो, आणि खेळात नेमका त्याच गचक्यात आपला माणूस मरतो. स्कॉट वॉसन या समीक्षकाने २०११मध्ये हा मुद्दा लावून धरला, की सेकंदाच्या आत काय घडतं ते मोजा. आता समीक्षक सरासरीच्या शेजारी सगळ्यात रेंगाळलेल्या एक टक्का चित्रांचाही आकडा देतात. मला विचाराल तर कार्डाची खरी पत तिथेच कळते.

४०६०जवळ आणखी एक करामत आहे. दोन खऱ्या चित्रांच्या मधलं तिसरं चित्र ते स्वतःच्या कल्पनेने काढून आत सरकवतं. काही खेळांत हे चालतं, आणि कोपऱ्यातला आकडा टुणकन उडी मारतो. बटण दाबल्यावर मिळणारं उत्तर मात्र त्या उडीइतकं लवकर येत नाही. ३०६०ला ही करामत नाही, पण त्याची १२ जीबी मेमरी खरीखुरी आहे. ब्लेंडरमध्ये मोठा देखावा रंगवायचा असेल, किंवा घरच्या घरी एआयचं मॉडेल चालवायचं असेल, तर ८ जीबीत ते मावतच नाही अशी वेळ येते; आणि जे मावत नाही ते कितीही वेगवान असून काय कामाचं? खेळच खेळायचे असतील तर ४०६०, काम करायचं असेल तर ३०६०, असा निकाल मी देऊन टाकला. निनादने तो ऐकला आणि पुढचा व्हिडिओ लावला.

एवढा वेळ पेपर वाचत बसलेले भावोजी आमच्याकडे वळले. “दोन्हीकडे चित्र सारखंच दिसतंय की.”

“बाबा, फ्रेम्स बघा ना!”

“बरं. वीज किती खातं?”

या प्रश्नाला निनादकडे तयार उत्तर होतं, आणि ते ४०६०च्या बाजूचं होतं, म्हणून तो हरखलाच. “हे १७० वॉट, आणि हे फक्त ११५! ५५ वॉटची बचत!”

भावोजी आयुष्यभर हिशेबनीस होते. त्यांनी डोळे मिटले. “रोजचे तास किती धरू?”

“चार धरा,” निनाद उत्साहात म्हणाला.

“म्हणजे दिवसाला २२० वॉट-तास. वर्षाला ८० युनिट.” भावोजींनी डोळे उघडले. “मग हेच घे. पण काय रे, रोज चार तास?”