पट्टा बांधून घ्या, काकू

बारा वर्षांखालच्या पोरांची लेदर बॉलची स्पर्धा, तीही मे महिन्यात, तीही नागपुरात, आणि ती बघायला माणशी २०० रुपये. रकमेबद्दल माझी तक्रार नाही. २०० रुपयांत हल्ली सावजीत दोन माणसं पोटभर जेवत नाहीत. माझी तक्रार आहे ती पट्ट्याबद्दल.

पैसे मोजले की गेटवरचा पोरगा तुमच्या मनगटाला एक कागदी पट्टा चिकटवतो. पट्ट्यांना रंग आहेत. अकॅडमीच्या मालकांना सोनेरी, प्रायोजकांना जांभळा, प्रशिक्षकांना लाल आणि आईबापांना हिरवा. सोनेरीवाल्यांना शामियाना, कूलर आणि खसचं सरबत. जांभळ्यांना शामियाना आणि कूलर. लालवाल्यांना कडुनिंबाची सावली. हिरव्यांना ऊन.

पहाटे साडेचारला उठून डबा केलेली, स्कूटीवर पायाशी किटबॅग आणि मागे पोरगा घालून बेसापासून हिंगणा रोडपर्यंत आलेली, पार्किंगमध्ये उकिडवं बसून त्याचे पॅड बांधून दिलेली बाई गेटवर येते.

"काकू, पट्टा?"

"अरे, मी आई आहे त्याची."

"हो काकू. आईला हिरवा."

यात उद्धटपणा जराही नाही. पोरगा गुणी आहे. त्याला सकाळी सांगितलंय, बिना पट्ट्याचं कोणी आत जाऊन राहिलं तर तुझ्या रोजातून कापू. त्याने आईला हिरवा दिला, आजीला हिरवा दिला, अडीच वर्षांच्या बहिणीलाही हिरवा दिला. बहिणीच्या मनगटावर तो मावेना, म्हणून दंडाला बांधला. तीन वर्षांखालच्यांना माफी नाही का, असं बापाने विचारलं. माफी आहे, पण जन्माचा दाखला लागतो, आणि तो घरी राहिला होता.

प्रसूतिगृहात बाळ झाल्याझाल्या आईच्या आणि बाळाच्या मनगटाला एकाच नंबरचा पट्टा बांधतात, ठाऊक असेल. अदलाबदल होऊ नये म्हणून. तो पट्टा सांगायचा की हे पोर हिचंच आहे. अकरा वर्षांनी त्याच बाईच्या त्याच मनगटावर पुन्हा पट्टा चढतो, आणि हा नवा सांगतो की पोर हिचं असेल नाहीतर नसेल, हिचे पैसे मिळालेले आहेत.

आता त्या पट्ट्याची प्रकृती. तो बनवणाऱ्याने नागपूरचा मे पाहिलेला नसावा. पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की माणूस जिथे उभा असतो तिथेच पाझरू लागतो. नऊ वाजेपर्यंत पट्ट्याची शाई सुटते, दहापर्यंत डिंक सुटतो, आणि अकराच्या सुमारास आईबापांची अख्खी फलटण हिरव्या मनगटांनी पण बिनपट्ट्याची होते. तेवढ्यात तपासनीस येतो. डुप्लिकेट पट्टा ५० रुपये. एकाने हिरवं मनगट पुढे केलं आणि म्हणाला, "भाऊ, हा बघ रंग, आता काय कातडी फाडून देऊ?" तपासनिसाने रंग पाहिला, मान्यही केला, आणि ५० रुपये घेतले. दुपारनंतर अनुभवी पालक पट्टा खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू लागले. त्यावर नवा नियम आला : पट्टा मनगटावर नसेल तर बाद. मग एका आजींनी तो सेफ्टी पिनने बांगडीला अडकवला. बांगडी हे मनगट धरायचं की नाही, यावर आयोजकांची बैठक बसली. शामियान्यात बसली. कूलरसमोर.

या धंद्याचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की गिऱ्हाईक शोधावंच लागत नाही. अंडर-ट्वेल्व्हचा सामना बघायला जगात कोण येतं? चंद्रपूरच्या अकॅडमीचा यवतमाळच्या अकॅडमीशी सामना आहे म्हणून धंतोलीतला कोणी रिटायर्ड माणूस छत्री घेऊन निघाल्याचं ऐकिवात नाही. येतात ते फक्त ज्यांची पोरं खेळून राहिली ते. त्यांनी अकॅडमीची फी भरलेली असते. संघाची प्रवेश फी त्यांच्यातच वाटलेली असते. जर्सीचे पैसे दिलेले, ज्या जर्सीवर प्रायोजकाचं नाव छातीभर आणि पोराचं नाव मानेखाली बोटभर. बॉलचे दिले, अंपायरचे दिले, बाहेरगावाहून आलेल्यांनी लॉजचे दिले. म्हणजे पूर्ण तमाशाचा खर्च त्यांचाच, त्यातले नट त्यांचेच, आणि तिकीट काढून समोर बसायचं तेही त्यांनीच. तरी पत्रकावर लिहिलेलं असतं की प्रवेशमूल्य "खेळाचा दर्जा उंचावण्यासाठी" आहे.

दर्जाचं म्हणाल तर विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला : २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. त्यातले शेवटचे दोन अंतिम सामने आपल्या जामठ्याला झाले. देशातली पहिल्या प्रतीची ही स्पर्धा, आणि तिचे सामने बहुतेक मैदानांवर लोक आजही फुकट बघतात. चार-चार दिवस, शेंगा खात. म्हणजे ज्याला उद्या देशाकडून खेळायचंय त्याची फलंदाजी फुकट, आणि ज्याला अजून हेल्मेटचा पट्टा स्वतः लावता येत नाही त्याची २०० रुपये.

राखीव खेळाडूच्या बापाबद्दल मात्र थट्टा करवत नाही. चौदा पोरांचा संघ, खेळणार अकरा. उरलेल्या तिघांच्या बापांनीही हिरवे पट्टे घेतलेत, पूर्ण दराचे. यातला एक गोंदियाहून रात्रीच्या गाडीने आला होता. त्याच्या पोराला अख्ख्या सामन्यात काम होतं ते ड्रिंक्सच्या वेळी पाणी नेण्याचं. बापाने ते उभं राहून पाहिलं. पोरगा धावत मैदानात गेला की बाप टाळ्या वाजवायचा, परत आला की वाजवायचा, कारण पैसे भरलेत तर कशाला तरी टाळी वाजवायलाच हवी. आणि त्याचा स्वतःचा घसा सुकला होता, कारण बाहेरचं पाणी आत आणायला बंदी आणि एकदा गेटबाहेर गेलं की पट्टा बाद. आत बाटली मिळायची, पण बाप तीसुद्धा घेईना; जाण्यायेण्याच्या हिशेबात ती बसत नव्हती. पोरगा दुसऱ्यांच्या पोरांना फुकट पाणी पाजतो आहे आणि बाप दोरीच्या या बाजूला ओठ चाटतो आहे, हे दृश्य २०० रुपयांत दाखवणारे धन्य. ज्या गावात उन्हाळा लागला की साधा किराणावालाही दुकानासमोर वाळ्याचं पाणी भरून रांजण मांडतो, पुण्य लागतं म्हणून, त्या गावात हे होऊन राहिलं.

तर ही जागा. जागेबद्दल बोलायलाच हवं, कारण ही जागा मी ओळखतो. हिला आता टर्फ म्हणतात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हिला लॉन म्हणत. नागपूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की आपल्याकडे लॉन म्हणजे गवत नसून लग्न. कुठल्याही रिंग रोडला लागा, दर फर्लांगावर एक लॉन, कमानीला प्लास्टिकची फुलं आणि आत पंधराशे पानांची सोय. लग्नाची तिथी नसली की ही जमीन नुसती पडून राहायची, मालकाच्या जिवाला घोर. मग कोणीतरी त्याला पोरं दाखवली. जाळी ठोकली, खेळपट्टी ओतली, लाइट होतेच. गंमत अशी की याच कमानीतून मी कित्येक लग्नांना आत गेलो आहे. तेव्हा गेटवर उभे असलेले लोक गुलाबपाणी शिंपडायचे, हात जोडायचे, "या या, जेवल्याशिवाय जाऊ नका" म्हणायचे. मुलाकडचे की मुलीकडचे, एवढंदेखील कोणी विचारत नसे. कधीकधी मी दोन्हींकडचा नसे. पाटोडी, मसालेभात, वर संत्रा बर्फी, आणि निघताना पान. अनोळखी माणसाला या जमिनीने फुकट जेवू घातलं, आणि आज त्याच कमानीखाली सख्ख्या आईला विचारतात, पट्टा कुठाय? लग्नात न बोलावता गेलो तर अन्न मिळत होतं. पोराच्या सामन्याला बोलावूनही डबा बाहेर ठेवावा लागतो. स्टीलचा डबा आत न्यायला मनाई आहे, सुरक्षेच्या कारणास्तव. आतल्या स्टॉलवर समोसा आहे, त्याला सुरक्षेचं कारण लागत नाही.

टेक्सासातल्या एका नातेवाइकाला हे फोनवर सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "काहून भाऊ, आमच्याकडे तर केव्हापासून आहे." तिकडे पोरांच्या बेसबॉलच्या अशाच गावोगाव फिरत्या स्पर्धा असतात. दारावर माणशी दहा-पंधरा डॉलर, रोजचे. आणि बऱ्याच स्पर्धांत आयोजक सांगतील त्याच हॉटेलात उतरायचं, नाहीतर पोराचा संघच खेळवत नाहीत. त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्याच्या मनगटाची काळजी वाटली. त्याचं पुढचं वाक्य : "त्या मानाने तुमच्याकडे स्वस्त आहे." एवढं एक वाक्य आपल्या आयोजकांच्या कानी गेलं तर पुढच्या वर्षी पत्रकावर "आंतरराष्ट्रीय दर्जा" छापून येईल आणि लॉज ते ठरवतील.

कायद्याचंही पाहून घेतलं. नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं तेव्हा, १९३६ साली, इथे करमणूक शुल्काचा कायदा झाला. पैसे घेऊन लोकांना आत सोडतात असा कुठलाही खेळ करमणुकीतच मोडायचा. इंग्रजाने एक मात्र केलं नाही. बघणाऱ्याची करमणूक झाली का, हे विचारलं नाही. मधल्या फळीतला आपला पोरगा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत होऊन डोळे पुसत येतो आहे, शेजारची काकू "होतं असं" म्हणते आहे, याला करमणूक म्हणायचं तर शुल्क उलट पालकाला द्यायला हवं. २०१७ साली जीएसटी आला आणि राज्याचं करमणूक शुल्क त्यात गेलं. आता मान्यताप्राप्त खेळस्पर्धेचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही. ही स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, असं एका वकील बापाने गेटवर विचारलं. गेटवरच्याने आत विचारलं. आतून उत्तर आलं की पट्टा हीच पावती समजावी. पावती तोवर घामात विरघळली होती.

इथवर हसून घेतलं. आता जाळीचं सांगतो, आणि हसत सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात आपल्या सिग्नलांवर हिरवी जाळी ताणतात. लाल दिवा लागला की स्कूटीवाल्याच्या डोक्यावर घटकाभर सावली. तीच जाळी या मैदानालाही आहे. भरपूर आहे, थानच्या थान. पण ती डोक्यावर नाही, कुंपणाला उभी लावली आहे, आठ फूट उंच, मैदानाच्या चारी बाजूंनी. रस्त्यावरून फुकट दिसू नये म्हणून. म्हणजे सावलीसाठी विणलेलं कापड आयोजकांजवळ होतं, आणि हिरव्या पट्ट्याची माणसं समोर भाजत होती, आणि यांनी ते डोळे झाकायला वापरलं. कस्तुरचंद पार्कवर, चिटणीस पार्कवर आपण उभ्याउभ्या किती सामने पाहिले? बाजूला सायकल लावायची, कोण खेळतंय तेही माहीत नसायचं, फुकटात शिव्या घालायच्या आणि फुकटात वाहवा करायची. पोरं खेळाडू होतात ती अशा रिकामटेकड्यांसमोर, सोनेरी पट्ट्यांसमोर नाही.

त्या जाळीबाहेर एक बाई उभी होती. चार घरची धुणीभांडी करते. तिचा पोरगा डावखुरा, चेंडू असा वळवतो की अकॅडमीने स्वतःहून त्याची फी माफ केली आणि फलकावर त्याचा फोटो लावला. फोटो गेटबाहेर आहे, तो तिला दिसतो. फी माफ केली ती पोराची, आईला हिरवाच. २०० रुपयांसाठी तिला किती भांडी घासावी लागतात याचा हिशेब गेटवर नव्हता, दरपत्रक होतं. जाळीला एके ठिकाणी उसवलेलं भोक सापडलं, त्याला डोळा लावून ती उभी राहिली. पोराने दुसरा बळी घेतला तेव्हा आतले दोनशे रुपये एकमेकांकडे बघत होते की हा कोणाचा. बाहेरून एकटी टाळी आली. ड्रिंक्समध्ये एक स्वयंसेवक सुई-दोरा घेऊन ते भोक शिवायला गेला. कोणी पाठवलं त्याला? खसचं सरबत पीत बसलेल्या कोणीतरी. लाज नावाची वस्तू कुठल्या रंगाच्या पट्ट्यात मिळते, तेवढं छापा पत्रकावर.

असो. रक्तदाब वाढतो, आणि डॉक्टरने मे महिन्यात रागवायला मनाई केली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबती निघतात, काळी आणि पिवळी, आणि त्यांच्यामागे त्या-त्या सालच्या पीडेचे बडगे. शंभराहून अधिक वर्षं हे गाव आपला राग असा रीतसर मिरवून जाळतं. तर बडगे बनवणाऱ्या मंडळांना विनंती आहे की यंदा एक हात करा. नुसता हात, कोपरापासून, दहा-बारा फुटी, आणि त्याला हिरवा पट्टा. डिंक चांगला वापरा. इतवारीतून मिरवणूक जाईल तेव्हा आम्ही सगळे पालक मागून चालू. फक्त ती मिरवणूक बघायला दरवर्षी हजारो माणसं लोटतात, आणि त्या गल्ल्यांच्या दोन्ही टोकांना गेट बसवायला मुबलक जागा आहे, एवढं कोणी आयोजकांच्या लक्षात आणून देऊ नका.