साडेआठ ग्रॅम

रायफलच्या बोल्टवर खाचा पाडल्या की रायफल हलकी होते, बोल्ट अलगद सरकतो, धूळ अडकत नाही, नेम सुधारतो. हे सगळं मला आमच्या नांदगावात चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आणि एकदा तर दशक्रियेच्या जेवणानंतर ऐकवलं गेलंय. सांगणारा मोबाइल पुढे करतो. त्यात एक चकचकीत बोल्ट असतो आणि त्यावर मळसूत्रासारख्या फिरत गेलेल्या खाचा. "भाऊ, यानं फरक पडत असेल ना?" पडतो. किती पडतो, ते विचारायला कोणी थांबत नाही, हीच माझी तक्रार आहे.

वजनाचं आधी बघू, कारण तो हिशोब कागदावर करता येतो. बोल्टवर सहा खाचा पाडल्या, प्रत्येक ६० मिलिमीटर लांब, ३ रुंद आणि १ खोल, तर एकूण पोलाद निघालं १०८० घन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम १ घन सेंटिमीटर. पोलादाचं वजन घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. झाले साडेआठ ग्रॅम. पॉइंट टू टूची तीन काडतुसंसुद्धा याहून जड भरतात. एनसीसीच्या पोरांना शिकवतात ती पॉइंट टू टू डिलक्स रायफल ६ पौंड २ औंसांची, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. तिच्यातून साडेआठ ग्रॅम काढले तर खांद्याला कळणार नाही. खाचा दुप्पट खोल केल्या तरी सतरा ग्रॅम. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं तर याहून जास्त वजन उतरतं.

आणि वजन उतरवायचं कशाला, हेही मला कळत नाही. ५० मीटर रायफलला पुरुषांच्या स्पर्धेत ८ किलोंची मर्यादा असते. नेमबाज त्या मर्यादेच्या खाली आपल्याला हवा तसा तोल साधण्यासाठी रायफलला वेगळी वजनं लावून घेतात. जड रायफल कमी हलते. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे हात स्थिर राहणं हीच सगळी कमाई. डोंगर चढून शिकार करणाऱ्या परदेशी माणसाला हलकी रायफल हवी असेल, त्याचं मी समजू शकतो. पण त्यालाही खरं वजन वाचतं ते नळीत आणि दस्त्यात, बोल्टमध्ये नाही.

दुसरा दावा घर्षणाचा. खाचांमुळे धातूला धातू कमी ठिकाणी लागतो म्हणून बोल्ट सुळकन जातो, असं म्हणतात. कोरड्या घर्षणाचा साधा नियम शाळेत शिकवलेला असतो: घर्षण दाबणाऱ्या बलावर ठरतं, टेकलेल्या जागेच्या क्षेत्रफळावर नाही. जागा कमी केली की तेच बल उरलेल्या जागेवर येतं. दाट ग्रीस थापलं असेल किंवा थंडीने तेल घट्ट झालं असेल तर खाचांनी थोडा चिकटपणा कमी होईल, हे मान्य. पण नांदगावात तेल गोठत नाही.

नेमाचं तर बोलूच नये. घोडा दाबल्यावर पुढे जाते ती फायरिंग पिन आणि तिला ढकलते ती स्प्रिंग. त्या क्षणी बोल्टचं अंग जागचं हलत नाही. त्याच्या पाठीवर खाचा असोत की नसोत, गोळीला त्याचा पत्ता लागत नाही.

मग उरते धूळ. इथे मात्र खाचांच्या बाजूने मला बोललं पाहिजे, कारण हा एक फायदा खरा आहे. ब्रिटिशांनी एफएएल रायफलचं आपलं एल१ए१ रूप घेतलं तेव्हा बोल्ट वाहून नेणाऱ्या भागावर वाळूसाठी मुद्दाम नागमोडी खाचा पाडल्या. वाळूचा कण दोन भागांत चिरडत बसण्यापेक्षा खाचेत पडावा आणि काम चालू राहावं, हा त्यामागचा विचार. वाळवंटात गोळीबार चालू असताना रायफल अडकली तर माणूस जातो, तिथे ही खाच आपली भाकरी कमावते.

आमच्याकडेही धूळ कमी नाही. एप्रिल-मेमध्ये शाकंबरी नदीचं पात्र कोरडं ठाक पडतं, रोटाव्हेटर मारलेल्या रानातून वावटळ उठते आणि काळ्या मातीची भुकटी दाराच्या फटीतून कपाटापर्यंत पोहोचते. ही भुकटी वाळूसारखी खडबडीत नसते. ती तेलावर बसते आणि त्याचा लगदा होतो. एनसीसीच्या कॅम्पात मी हा लगदा पुसलाय. नळीतून ओढायची दोरी म्हणजे पुल थ्रू, फलालीनची चिंदी, साफ करायला चार बाय दोन इंचांची आणि तेल द्यायला चार बाय दीडची. साधा बोल्ट चिंदीत गुंडाळून एकदा पिळला की निघतो. खाचांचा बोल्ट असता तर प्रत्येक खाचेत काडीला चिंदी गुंडाळून घासावं लागलं असतं, कारण जी खाच धूळ पोटात घेते ती स्वतःहून ती ओकत नाही. कॅम्पात संध्याकाळी दमलेली पोरं हे करतील असं ज्याला वाटतं त्याने कधी कॅम्प पाहिलेला नाही.

आणखी एका गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो. लोक तीन जागच्या खाचा एकाच पोत्यात भरतात. नळीवरच्या खाचा वेगळ्या: तिथे त्याच वजनात जाड, म्हणून ताठ नळी मिळते आणि निवायला पृष्ठभाग वाढतो. जी३ किंवा एमपी५च्या चेंबरमधल्या खाचा आणखी वेगळ्या: तिथे गॅस काडतुसाच्या खोळीच्या बाहेरून शिरतो आणि खोळ चिकटू देत नाही. त्या दोन्ही कामाच्या. त्यांचं पुण्य बोल्टवरच्या खाचांच्या खात्यावर जमा करायचं म्हणजे पोळ्याला शिंगांना लावलेल्या बेगडामुळे बैल जास्त नांगरतो म्हणण्यासारखं आहे. बेगड लावावं, बैल देखणा दिसतो. माझा बेगडावर राग नाही.

राग येतो तो पुढच्या प्रश्नाचा. "आपल्याकडे लेथवाला आहे, त्याच्याकडून मारून घेऊ का?" नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार हा गुन्हा आहे, मनमाडचा कारागीर कितीही हुशार असला तरी. शिवाय पुष्कळ बोल्टांचं वरचं कातडंच कडक केलेलं असतं. ते कापलं की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. माउझरच्या पद्धतीत बोल्टला अडकवून धरणारे लग पुढे असतात म्हणून मागच्या अंगावर ताण कमी. पण जुन्या थ्री नॉट थ्रीसारख्या ली-एनफिल्डचे लग मागे असतात, म्हणजे गोळी सुटताना बोल्टचं अख्खं अंग दाब झेलतं. त्यावर कोणी हौसेने कानस चालवली तर मी त्या माणसाच्या शेजारी उभा राहणार नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये, शातोरूच्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ४५१.४ गुण. कोल्हापूर जिल्ह्यातला, राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आलेला आणि मध्य रेल्वेचा कर्मचारी. आमच्या स्टेशनवरून धावतात त्याच रेल्वेचा. त्या आठवड्यात नांदगावातल्या दोन-तीन पोरांच्या डोळ्यांत मला खरी आस दिसली. त्यांना गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्याने वीस-वीस गोळ्या कशा मारायच्या, श्वास कुठे रोखायचा, घोडा किती हळू दाबायचा, हे सांगायला हवं होतं. सरावासाठी त्यांना शंभरेक किलोमीटरवरचं नाशिक गाठावं लागतं, सकाळची गाडी चुकली तर दिवस गेला. आणि त्यांना भेटलेले मोठे लोक त्यांना काय सांगत होते, तर बोल्टवर खाचा असलेली रायफल घे. त्यांपैकी एकाने तर वडिलांकडे तसा हट्टही धरलाय. वडील कांदा विकून आलेत. मी त्यांना म्हटलंय, ते पैसे पोराच्या काडतुसांना आणि रेल्वेच्या पासाला ठेवा.