आप्पांचं फिरतं घर

सुरतेच्या डिंडोलीत सोसायटी तिथे एक आप्पा असतातच. मूळ गाव अमळनेर, शिरपूर नाहीतर शहादा. उमेदीची वर्षं लूमच्या खात्यात गेलेली, त्या खडखडाटाने कान थोडे जड झालेले, आणि पन्नाशी उलटताच अंगात सुतार आलेला. आमच्या आप्पांनी सेकंडहँड इको गाडी घेतली ती या सुताराच्याच सांगण्यावरून. जाहीर कारण मात्र वेगळं होतं. आखाजीच्या आणि कानबाईच्या सणाला उधन्याहून खानदेशाकडे जाणाऱ्या रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आपण आपलं घर चाकांवर न्यायचं!

त्या दिवसापासून पार्किंगमध्ये करवत थांबलेली नाही. "गाडी शे का घर शे?" असं जाता-येता प्रत्येक जण विचारतो, आणि आप्पा ड्रिल मशीन खाली ठेवून उत्तर देतात. उत्तराला अर्धा तास लागतो. सुरुवात नेहमी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पासून होते. कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलंय, म्हणून पत्र्याला एकही भोक पाडलेलं नाही. डिकीत ठेवलेली ही पेटी म्हणजे निव्वळ सामान, पट्टे सोडले की बाहेर! ओढली की फळी सरकते आणि पाडलेल्या सीटवर टेकून पलंग होतो. त्या पलंगावर झोपलेलं माणूस मात्र अजून कोणी पाहिलेलं नाही.

मग प्लायवूड. १८ मिलिमीटरचं घालणाऱ्यांबद्दल आप्पांना मनापासून कीव वाटते. "ते गाडी नाही, कपाट चालवतात." स्वतःचं सगळं १२ मिलिमीटरमध्ये. पाण्याचे २० लिटरचे दोनच जार, कारण लिटरमागे किलो, म्हणजे ४० किलो झालेच. ५ किलोच्या सिलिंडरचा कप्पा वेगळा, आणि त्याची जाळी तळाला. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो, हे ते चहाच्या टपरीवरही सांगतात. हे ऐकून टपरीवाल्याने आपला सिलिंडर हलवला म्हणे.

विजेचं प्रकरण अधिक नाजूक. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी. कागदावर १२०० वॅट-तास, पण लेड-अ‍ॅसिड म्हणून निम्मीच वापरायची. पंखा आणि दिवा त्यावर आरामात चालतात. काकूंनी एकदाच विचारलं, "मिक्सर चालेल का?" आप्पांनी वहीच काढली. ५०० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला की बॅटरीतून चाळीसच्या वर अँपिअर खेचणार, मग तार बोटाएवढी जाड हवी, बॅटरीच्या धन टोकाशी फ्यूज हवा... काकूंनी पाटा-वरवंटा गाडीत ठेवला. वजनाचा हिशेब त्या दिवशी कोलमडला, पण आप्पा त्यावर काही बोलले नाहीत.

खरी परीक्षा गावी जाताना कोंडाईबारीच्या घाटात झाली. खण होते आडवे उघडणारे, आणि त्यांना फक्त चुंबकाचे कॅचर. नवापूर, विसरवाडीपर्यंत सगळं शहाण्यासारखं बसलं होतं. पहिल्या मोठ्या वळणाला डाव्या बाजूचे खण उघडले, दुसऱ्याला उजव्या बाजूचे. पक्कड, साखर, चमचे आणि आप्पांची वही एकाच वेळी खाली. काकू घरी साड्यांना लेस लावायचं काम करतात. पिशवीतली एक लेस काढून त्यांनी सगळ्या मुठी एकमेकींना आवळून बांधल्या. धुळ्यापर्यंत एक खण हलला नाही. पुढे आप्पांनी महागाच्या कड्या आणून बसवल्या, लेस मात्र सोडलेली नाही. सोसायटीत ते तिला "सेकंडरी लॉकिंग" म्हणतात.

आता एवढी आखणी करणाऱ्या माणसाच्या हिशेबात एक गोष्ट आलीच नव्हती, ती म्हणजे परतीचा प्रवास. जाताना गाडीत साड्यांचे गठ्ठे, कारण सुरतेहून येणाऱ्याने रिकाम्या हाताने यायचं नसतं. येताना गाव आपलं माप पदरात टाकतं. शेगडीच्या जागी बिबड्यांचा डबा, जारच्या जागी दादर ज्वारी, बॅटरीच्या आडोशाला लाल मिरच्यांचं पोतं, पलंगाच्या फळीवर कळण्याचं पीठ आणि नागलीचे पापड. शेगडी काकूंच्या बहिणीकडे गावातच राहिली आणि चहा विसरवाडीच्या हॉटेलात झाला. सामान रचलं काकूंनी, एक बोटही जागा वाया न घालवता. माझ्या मते त्या गाडीच्या खऱ्या इंजिनिअर त्याच.

आप्पा सध्या टपावर कॅरिअर बसवायच्या विचारात आहेत. येत्या कानबाईला मधल्या सीटवर दोन जागा रिकाम्या आहेत, असं ते भेटेल त्याला सांगतात. कोणाला जायचं असेल तर खुशाल जा. येताना मात्र मांडीवर पापडाचा डबा धरून बसायची तयारी ठेवा.